जुना अ‍ॅम्प्लिफायर ऐकायच्या आधी त्याचा पॉवर सप्लाय समजून घ्या

रेकॉर्डचं वेड परत आलंय आणि त्याच्या मागोमाग माळ्यावरचे जुने अ‍ॅम्प्लिफायर पण खाली यायला लागलेत. कुणाकडं आजोबांचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओग्राम, कुणाच्या काकांनी आखातातनं आणलेला जपानी स्टीरिओ, कुणाकडं तालमीच्या मंडळाचा अहुजाचा अ‍ॅम्प, कुणाकडं कॉस्मिक नाहीतर सोनोडाइन ह्या आपल्याकडच्या कंपन्यांचा सेट. कोल्हापुरात हे जरा जास्तच दिसतंय, आणि त्यात नवल काही नाही, १८८३ पासून देवल क्लब ही गाण्याची संस्था चालवणारं आणि गायक अल्लादियाखाँसाहेबांना सांभाळणारं गाव आहे हे, इथं चांगला आवाज ऐकायची सवय घराघरात आहे. आता रील्सवर असले सेट 'विंटेज' म्हणून चढ्या भावानं विकायला येतात आणि घेणारा विचारतो काय तर वॅट किती, आयसी आहे का ट्रान्झिस्टर, स्पीकर कुठला. आतला पॉवर सप्लाय कसा आहे, कंडेन्सर कधीचे आहेत हे शंभरात एखादा विचारतो. माझं म्हणणं असं की सुरुवात तिथनंच करायला पाहिजे, कारण जुन्या अ‍ॅम्पचा चांगुलपणा पण बराचसा तिथंच असतोय आणि बिघाड पण.

स्पीकरमधनं येतं ते नेमकं काय?

बहुतेकांची समजूत अशी असते की रेकॉर्डच्या सुईतनं बारीक सिग्नल निघतो, अ‍ॅम्प त्याला फुगवतो आणि तोच फुगलेला सिग्नल स्पीकरला जातो. तसं होत नाही. सुईतनं आलेला सिग्नल स्पीकरपर्यंत पोचतच नाही, स्पीकरमधनं जो करंट वाहतो तो सगळाच्या सगळा पॉवर सप्लायमधनं आलेला असतो, आणि सिग्नलचं काम फक्त तो करंट किती सोडायचा हे ठरवायचं.

घरच्या पाण्याचं बघा. नळाला पाणी ठराविक वेळेला येतं, आपण ते गच्चीवरच्या टाकीत साठवतो आणि मग दिवसभर तोटी उघडली की पाणी येतंय. सिग्नल म्हणजे तोटीवरचा हात, ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह म्हणजे तोटी, आणि पाणी सगळं टाकीतलं. हात कितीही सफाईनं फिरवा, टाकीत पाणी कमी असेल किंवा गढूळ असेल तर तोटीतनं पण तसंच येणार. म्हणून आवाज फाटला की लगेच आऊटपुट ट्रान्झिस्टर बदलत बसायच्या आधी टाकी बघायची.

भिंतीतले २३० आत गेल्यावर काय होतं

प्लगमधनं येणारी वीज एसी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढं-मागं होणारी. अ‍ॅम्पला लागते डीसी, एकाच दिशेनं वाहणारी. मधे तीन टप्पे असतात.

पहिला ट्रान्सफॉर्मर. तो २३० चं हवं तेवढं करून देतो, ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला १२, १८, २४ असलं काहीतरी आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला उलट वाढवून २५० ते ४०० च्या घरात. शिवाय मेनच्या लाइनपासून तो आपल्याला वेगळं पाडतो, आणि जिवाच्या दृष्टीनं ते त्याचं सगळ्यात मोठं काम. दुकानात १२-०-१२ किंवा १८-०-१८ म्हणून मागतो तो हाच, मधला शून्य म्हणजे मधनं काढलेली वायर.

दुसरा रेक्टिफायर. पाण्याच्या पाइपात उलटं पाणी जाऊ नये म्हणून एनआरव्ही बसवतात, डायोड तेच काम करतो. चार डायोडचा ब्रिज लावला की एसीच्या दोन्ही बाजू कामाला येतात आणि सेकंदाला ५० ऐवजी १०० वेळा भरणा होतो. हा १०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढं हम, म्हणजे सेटची गुणगुण, ओळखायला लागणार आहे. ट्रान्झिस्टरच्या जुन्या सेटमधी बीवाय१२७ डायोड हमखास दिसतात, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधी रेक्टिफायर पण व्हॉल्व्हच असायचा, ईझेड८१, जीझेड३४, ५वाय३ असले.

तिसरा टप्पा कंडेन्सरचा. पुस्तकात कपॅसिटर म्हणतात पण कुठल्याही रिपेअरिंगच्या दुकानात कंडेन्सरच म्हणायचं.

कंडेन्सर म्हणजे टाकी, आणि टाकीची पातळी हलत राहते

सेकंदाला १०० वेळा भरणा म्हणजे दोन भरण्यांच्या मधे साधारण १० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात स्पीकरला लागेल तेवढा करंट कंडेन्सरनं द्यायचा. तो देताना त्याचं व्होल्टेज थोडं उतरतं, मग परत भरतं, परत उतरतं. ह्या चढउताराला रिपल म्हणतात.

हिशोब अवघड नाही. अ‍ॅम्प १ अँपिअर ओढतोय आणि कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरडचा (हे टाकीचं माप) आहे तर दर १० मिलिसेकंदात व्होल्टेज साधारण २ व्होल्टनं खाली येतं. ३० व्होल्टच्या सप्लायला २ चा रिपल अ‍ॅम्प पचवतो. पण तोच कंडेन्सर चाळीस वर्षात सुकून १००० मायक्रोफॅरडचा राहिला तर हिशोबानं चढउतार १० व्होल्टचा होतो! ३० चे वीस, विसाचे तीस, सेकंदाला शंभरदा. मग ढोलकीच्या थापेला आवाज फाटतो, बासमधी घुर्रर्र मिसळतं, आणि मालकाला वाटतं स्पीकर गेला. स्पीकर बदलला तरी फाटतोयच, मग म्हणतात जुन्यात दम राहिला नाही.

कंडेन्सर सुकतो म्हणजे अक्षरशः सुकतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत अ‍ॅल्युमिनियमची गुंडाळी असते आणि मधे रसायनात भिजलेला कागद. उष्णतेनं ते रसायन हळूहळू उडून जातं. ढोबळ नियम असा की आतलं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणून उघडून बघितलं तर हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) किंवा गरम व्हॉल्व्हला चिकटून बसलेला कंडेन्सर आधी गेलेला असतो आणि लांबचा अजून बरा. डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी चिकट डाग, वरचं प्लॅस्टिक आकसलेलं ही बाहेरनं दिसणारी लक्षणं. पण काही कंडेन्सर वरनं एकदम चकाचक आणि आत रिकामे असतात, त्यामुळं मीटरला पर्याय नाही.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधी कंडेन्सर एवढुसा कसा?

हा प्रश्न हमखास येतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधी ४७००, १०००० चे डबे आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधी ५० मायक्रोफॅरडवर भागतंय? १९५९ साली आलेला अमेरिकेतला डायनाको स्टीरिओ ७०, दोन्ही चॅनलला ३५-३५ वॅटचा, जगभर नावाजलेला, त्यात एकाच डब्यात ३०, २०, २०, २० असे चार भाग, म्हणजे सगळे मिळून ९० मायक्रोफॅरड.

उत्तर व्होल्टेजमधी आहे. कंडेन्सरमधली साठवण नुसत्या मायक्रोफॅरडवर ठरत नाही, मायक्रोफॅरड गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याचं निम्मं. ५० मायक्रोफॅरड ४०० व्होल्टला भरला तर ४ ज्यूल होतात. तेवढेच ४ ज्यूल ४० व्होल्टला साठवायला ५००० मायक्रोफॅरड लागतात. व्होल्टेज एक दशांश झालं की मायक्रोफॅरड शंभरपट. टाकी उंचावर असली की लहान असून पण जोर देते, खाली असली की मोठी लागते, तसलाच हिशोब.

आणि ते ४ ज्यूल ४०० व्होल्टचे असतात हे विसरायचं नाही. अ‍ॅम्प बंद केला, प्लग काढला, तरी ते आत तसेच बसलेले असतात. काही सेटमधी ते आपोआप उतरवायला रेझिस्टर असतो, काहींमधी नसतो, आणि असला तरी जुना होऊन तुटलेला असू शकतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडायची पद्धत बघितली असेल तुम्ही, ती करू नका, कंडेन्सर पण दुखावतो आणि माणूस पण. १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपनी लावून उतरवायचं आणि मग मीटरनं शून्य झालंय का ते बघायचं, बघितल्याशिवाय हात घालायचा नाही.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या सप्लायमधी अजून एक जडशी वस्तू असते, चोक. दिसायला छोट्या ट्रान्सफॉर्मरसारखी, पण दोनच वायरी. करंट एकदम बदलायला ती विरोध करते, त्यामुळं दोन कंडेन्सरच्या मधे बसवली की रिपल चांगलाच खाली येतो. मोठे कंडेन्सर महाग होते त्या काळात चोकनं हे काम केलं. चोक जळाली की त्या जागी रेझिस्टर टाकून चालवून दिलेले सेट बरेच फिरतात, वाजतात ते पण व्होल्टेज कमी आणि हम जास्त. घेताना विचारा.

एक सप्लाय की दोन?

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधी दोन जाती आहेत. जुन्या बऱ्याचशा सेटमधी सप्लाय एकच, समजा ४० व्होल्ट. मग आऊटपुटला निम्मे म्हणजे २० व्होल्ट डीसी कायम उभे असतात, ते स्पीकरला जाऊ नयेत म्हणून मधे मोठा कंडेन्सर लावतात. चालू करताना स्पीकरमधनं 'धप्प' येतं ते हा कंडेन्सर भरतानाचं. ह्या कंडेन्सरमुळं खालचा बास कापला जातो: १००० मायक्रोफॅरड आणि ८ ओहमचा स्पीकर असेल तर साधारण २० हर्ट्झला कापणी सुरू होते, पण तिथंच ४ ओहमचा स्पीकर लावला की ४० ला. आणि तो कंडेन्सर सुकला की बास अजून जातो. नवीन स्पीकर लावल्यावर बास गेला अशी तक्रार आली की मी आधी ओहम विचारतो.

दुसऱ्या जातीत दोन सप्लाय, एक अधिक आणि एक उणे, मधे शून्य. ह्या दोन्हींना रेल म्हणतात. आऊटपुट शून्यावर बसलेलं असतं त्यामुळं मधे कंडेन्सर लागत नाही, बास मोकळा. पण आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर आख्खी रेल सरळ स्पीकरवर येते आणि स्पीकरची कॉइल काही सेकंदात जळते. म्हणून असला अनोळखी सेट आणला तर आपले चांगले स्पीकर लावायच्या आधी आऊटपुटला मीटर लावून डीसी बघा. काही मिलिव्होल्ट असतील तर ठीक, व्होल्टमधी दिसलं तर स्पीकर लांब ठेवा.

मग वॅट खरे किती?

हे पण सप्लायच सांगतो. १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर रेल साधारण २४ व्होल्टची होते, कारण एसीचा १८ हा सरासरीसारखा आकडा, त्याचं टोक १.४ पट असतं आणि त्यातनं डायोड थोडं खातो. २४ मधले दोनेक ट्रान्झिस्टरनं खाल्ले, राहिले २२. २२ चा वर्ग ४८४, त्याला ८ ओहमच्या दुपटीनं म्हणजे १६ नं भागलं की ३० वॅट. बस्स, ८ ओहमवर एका चॅनलला ह्याच्यावर जाणं शक्य नाही, समोरच्या पट्टीवर काहीही लिहू देत.

पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या टोकाचे फुगवलेले, हजार हजार वॅट लिहिलेले सेट आठवत असतील. सोपी परीक्षा सांगतो: मागच्या प्लेटवर मेनमधनं किती वॅट घेतो ते लिहिलेलं असतं. तिथं ४० वॅट असेल तर स्पीकरला सलग ४० पेक्षा जास्त येणार कुठनं? विहिरीत नाही ते पोहऱ्यात कसं येईल. आपल्याकडं मिरवणुकीतल्या सिस्टीमला डॉल्बी म्हणायची पद्धत पडलीय, तिथं पण बोलणं वॅटवरच सुरू होतं आणि वॅटवरच संपतं, सप्लाय आणि जनरेटर किती झेपवणार हे कुणी विचारत नाही, म्हणून आवाज मोठा असून पण फाटका असतोय.

कंडेन्सर दुप्पट-चौपट मोठा टाकला की काम झालं?

हा सल्ला यूट्यूबवर फार. थोडा मोठा चालतो, ४७०० च्या जागी ६८०० घातला तर बिघडत नाही. पण चौपट घातला तर वेगळंच दुखणं सुरू होतं.

कंडेन्सर भरतो तो एसीच्या टोकाला, थोडा वेळच. तो जितका मोठा तितकी त्याची पातळी कमी हलते, म्हणजे भरायला मिळणारा वेळ अजून लहान, आणि तेवढ्यात तेवढाच माल भरायचा म्हणजे करंटचा झटका मोठा. सरासरी १ अँपिअर लागत असताना ट्रान्सफॉर्मर आणि डायोडमधनं टोकाला ५-७ अँपिअरचे झटके जातात. ट्रान्सफॉर्मर तापतो, गुणगुणतो, आणि ते झटके शेजारच्या वायरीत बारीक खरखर म्हणून शिरतात. चालू करताना रिकामा कंडेन्सर काही क्षण शॉर्टसारखाच असतो, तेव्हा फ्यूज उडतो, मग लोक मोठा फ्यूज घालतात, आणि नंतर काय होतं ते जळलेल्या वार्निशच्या वासावरनं कळतं.

व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर प्रश्नच नाही, त्याची मर्यादा कंपनीनं लिहूनच दिलीय. पहिला कंडेन्सर जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरडपर्यंत, ईझेड८१ ला ५० पर्यंत. तिथं २२० घातला तर व्हॉल्व्हमधी ठिणगी उडून तो जातो, कधीकधी ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. असले ट्रान्सफॉर्मर आता सहजासहजी तयार मिळत नाहीत.

ह्याच ओघात अजून एक: व्हॉल्व्ह रेक्टिफायर काढून डायोड लावायचा मोह. ५वाय३ सारख्या व्हॉल्व्हमधी भरलोडला ४०-५० व्होल्ट आपोआप गळतात, डायोडमधी एखादाच. म्हणजे पुढच्या सगळ्या भागांना तेवढं व्होल्टेज जास्त, आणि ते पण व्हॉल्व्ह गरम व्हायच्या आधीच. मूळ डिझाइन करणाऱ्यानं ती गळती हिशोबात धरलेली होती. मोठ्या आवाजाला व्होल्टेज थोडं बसतं आणि परत उठतं, व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्पचा जो लवचिक आवाज लोकांना आवडतो त्यात ह्या बसण्याचा वाटा आहे.

रेग्युलेटर लावून व्होल्टेज पक्कं का नाही केलं?

लावलेत की काहींनी. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचा ३०३, १९६७ सालचा, त्यात ६७ व्होल्टचा रेग्युलेटेड सप्लाय आहे आणि आजही ते सेट वाजतात. पण रेग्युलेटर म्हणजे अजून एक पॉवर ट्रान्झिस्टर, अजून हीटसिंक, अजून उष्णता आणि अजून खर्च. शिवाय रेग्युलेटर नसलेल्या सप्लायचा एक फायदा असतो, गाणं शांत असताना रेल जरा वर चढलेली असते, त्यामुळं अचानक तबल्याची थाप आली तर तेवढ्या क्षणापुरता जास्त दम मिळतो. म्हणून बहुतेकांनी रेग्युलेशन फक्त प्रीअ‍ॅम्पला, म्हणजे अ‍ॅम्पच्या पहिल्या भागाला दिलं, जिथं सिग्नल बारीक असतो आणि थोडासा रिपल पण ऐकू येतो.

२२० चा अ‍ॅम्प आणि आपलं व्होल्टेज

जुन्या बऱ्याच सेटवर २२० लिहिलेलं असतं. आपला आकडा २३०, त्याच्या १० टक्के वर-खाली धरलं तर २०७ ते २५३. रात्री उशिरा लोड उतरला की व्होल्टेज चढतं हे घरात मीटर लावून कुणीही बघू शकतो, आणि ऊसपट्ट्यात पंप सुरू झाले की उतरतं ते गावाकडच्यांना सांगायला नको.

२२० च्या सेटला २५३ दिले म्हणजे सगळं १५ टक्क्यांनी वर. व्हॉल्व्हचा फिलामेंट (हीटर) ६.३ व्होल्टऐवजी ७.२ वर जळतो, आयुष्य घटतं. ३२ ची रेल जवळजवळ ३७ वर जाते आणि आत कंडेन्सर ३५ व्होल्टचा असतो. म्हणून बदलताना व्होल्टेजला सैल हात ठेवा, ३५ च्या जागी ५० चा घ्या, आकार बसतोय का तेवढं बघा. मायक्रोफॅरडच्या बाबतीत हात आखडा आणि व्होल्टेजच्या बाबतीत सैल, हे उलटं करणारे बरेच भेटतात.

आखातातनं किंवा परदेशातनं आलेल्या सेटला मागं ११०, १२७, २२०, २४० असा खटका असतो. प्लग लावायच्या आधी तो बघा. २४० असेल तर तिथंच ठेवा. फक्त १०० किंवा १२० चा सेट असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि अमेरिकेतला असेल तर तो ६० हर्ट्झसाठी बनलेला, आपल्या ५० वर त्याचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्तच तापणार हे धरून चला.

हम कुठनं येतोय ते घरीच ओळखा

झाकण न उघडता होतंय हे. आधी कान स्पीकरला लावा आणि मग अ‍ॅम्पच्या खोक्याला. खोकंच गुणगुणत असेल आणि स्पीकर शांत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या सैल झाल्यात, बोल्ट आवळून किंवा वार्निश करून काम होतं.

स्पीकरमधनं येत असेल तर व्हॉल्यूम पूर्ण शून्य करा. तरी तेवढाच राहिला तर संशय पॉवर सप्लायवर आणि आऊटपुटवर. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर मागं जा, प्रीअ‍ॅम्प, रेकॉर्ड प्लेअरची अर्थची वायर, पिनच्या वायरीवरची जाळी (शील्ड). आवाजाचा पोत पण सांगतो: १०० हर्ट्झचा जरा खरखरीत घुर्र म्हणजे सप्लायचा टाकीवाला (फिल्टर) कंडेन्सर, ५० चा खोल गुळगुळीत हूऽऽ म्हणजे अर्थिंग, शील्डिंग किंवा व्हॉल्व्हचा हीटर. एक अपवाद लक्षात ठेवा, ब्रिजमधला एक डायोड उघडा पडला तर भरणा अर्ध्यावर येतो आणि सप्लायचा हम पण ५० चा होतो.

माळ्यावरनं काढला की डायरेक्ट प्लग लावू नका

दहा-वीस वर्षं न वापरलेल्या कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर खराब झालेला असतो, त्याच्यातनं करंट गळतो, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो तापून फुटू शकतो. ह्यावर आपल्याकडच्या प्रत्येक रिपेअरिंगच्या टेबलावर उपाय असतो, सिरीज बोर्ड. मेनच्या एका वायरीत बल्ब, आणि त्याच्यापुढं अ‍ॅम्प.

बल्ब फिलामेंटचाच पाहिजे, एलईडी चालत नाही. छोट्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला ६० चा, मोठ्याला १०० चा. चालू केलं की बल्ब भक्कन लागतो, तो कंडेन्सर भरतानाचा, आणि मग दोन-तीन सेकंदात उतरत उतरत तांबूस होतो किंवा पार विझतो. असं झालं तर आत मोठा शॉर्ट नाही. बल्ब भक्कन लागला आणि तसाच राहिला तर लगेच बंद करा, ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, कंडेन्सर नाहीतर आऊटपुट ट्रान्झिस्टर, कुठंतरी शॉर्ट आहे, पण बल्बनं सगळा भार स्वतःवर घेतल्यामुळं अजून काही जळलेलं नाही. तिसरा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: बल्ब विझतो आणि मग मिनिटभरानं हळूहळू परत उजळायला लागतो. म्हणजे काहीतरी गरम होऊन जास्त जास्त गळायला लागलंय, बहुतेक कंडेन्सर. नीट लक्ष दिलं नाही तर हे निसटतं.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला हीटर असतात, त्यामुळं तिथं बल्ब पूर्ण विझणार नाही, अर्धवट जळत राहील, ते नॉर्मल आहे, २०० चा बल्ब घ्या. आणि सिरीज बोर्डमुळं शॉक लागत नाही अशी एक समजूत आहे ती मनातनं काढून टाका, आतलं व्होल्टेज तसंच जीवघेणं असतं.

काही जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत तर ट्रान्सफॉर्मरच नसतो. युसीएच८१, युएल८४, युवाय८५ असे 'यु' नं सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले की समजायचं, हीटर सगळे एकामागं एक सिरीजमधी आणि चॅसी, म्हणजे आतला सांगाडा, सरळ मेनच्या एका वायरीला. प्लग उलटा लागला तर आख्खं पत्र्याचं चॅसी लाइव्ह. त्याला बाहेरनं रेकॉर्ड प्लेअर किंवा मोबाइल जोडायचा विचार पण करू नका.

कंडेन्सर बदलले तर 'जुना आवाज' जातो का?

मूळ भाग काढले की किंमत आणि मजा दोन्ही जाते असं म्हणणारे चांगले जाणकार लोक आहेत, आणि शोकेसमधी ठेवायचा सेट असेल तर त्यांचं बरोबर आहे. पण ऐकायचा असेल तर विचार करा, डिझाइन करणाऱ्यानं ४७०० धरून आवाज बसवला होता, आज तिथं १००० उरलेत, म्हणजे मूळ आवाज आत्ताच गेलेला आहे. फिल्टर कंडेन्सर नवीन टाकला की तो परत येतो. ट्रान्सफॉर्मर, चोक, व्हॉल्व्ह, आऊटपुट ट्रान्झिस्टर चांगले असतील तर त्यांना हात लावू नका. जुने डबे दिसायला तसेच ठेवून चॅसीच्या खालच्या बाजूला नवीन कंडेन्सर बसवणारे मेकॅनिक आहेत, फक्त जुन्याची जोडणी तोडायला सांगा.

आणि जुन्या सप्लायच्या जागी एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय) लावला तर? तो वाईट नाही, हल्लीचे हलके अ‍ॅम्प त्याच्यावरच चालतात. त्यात एसी आधी हजारो हर्ट्झवर नेऊन मग ट्रान्सफॉर्मर वापरतात म्हणून तो काडेपेटीएवढ्यात भागतो, ५० हर्ट्झला मात्र लोखंडाचा गोळाच लागतो, जुने सेट जड असतात ते ह्यामुळं. पण जुन्या अ‍ॅम्पचं सर्किट थोड्या क्षणापुरता दुप्पट-तिप्पट करंट मागतं, आणि स्वस्तातला एसएमपीएस तेव्हा स्वतःला वाचवायला बंद पडतो, शिवाय त्याचा हाय फ्रिक्वेन्सीचा कचरा जुन्या उघड्या वायरिंगमधी शिरतो. कोल्हापूरला काळम्मावाडी धरणातनं पाण्याची थेट पाइपलाइन आली म्हणून कुणी गच्चीवरची टाकी काढली नाही, तसंच समजा.

पुरात भिजलेला अ‍ॅम्प

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापुरात शाहूपुरी, कुंभार गल्लीच्या बाजूला तळमजल्यांत पाणी शिरलं तेव्हा असले कितीतरी सेट भिजले आणि बरेचसे तसेच वाळवून कपाटात ठेवलेत. वरनं कोरडा दिसतो म्हणून आत कोरडा असतोय असं नाही. ट्रान्सफॉर्मरच्या थरांमधला कागद पाणी धरून ठेवतो, गाळ वाइंडिंगच्या फटीत बसतो, आणि प्रायमरी (मेनची गुंडाळी) आणि सेकंडरी (अ‍ॅम्पकडची गुंडाळी) ह्यांच्यामधलं इन्सुलेशन कमजोर झालं की मेन सरळ चॅसीवर येऊ शकते.

असला ट्रान्सफॉर्मर सोडवून उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं न्या. भिजलेलं वाइंडिंग सुकवायचं आणि वार्निश करायचं हे त्यांचं रोजचं काम. सुकवल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) प्रायमरी ते सेकंडरी आणि प्रायमरी ते पट्ट्या असं दोन्ही मोजायला सांगा, निदान काही मेगओहम तरी दिसले पाहिजेत, आणि तास-दोन तासांनी परत मोजलं तर आकडा उतरता कामा नये. रिवाइंडिंगच करायची वेळ आली तर जुनी गुंडाळी तोडायच्या आधी प्रत्येक वाइंडिंगचे वेढे आणि तारेचा गेज लिहून घ्यायला सांगा, मधली शून्याची वायर कितव्या वेढ्याला काढलीय ते पण, आणि जुन्या पट्ट्याच परत वापरायला सांगा. प्रायमरीचे वेढे मात्र २२० ऐवजी २४० च्या हिशोबानं घालून घ्या.